जुनी हवी की नवी

५ फेब्रुवारी

कंपनीच्या शिबिरात ज्या माणसाने आम्हां दुकानदारांना दोन तास पिळलं, त्याने एकच कामाची गोष्ट सांगितली. नवं काही सुरू करताना रोज चार ओळी लिहून ठेवाव्यात, म्हणजे आपण किती हुशार होतो हे पुढे आपल्यालाच कळतं. म्हणून ही वही.

नवं म्हणजे काय, तर निवड. कंपनीने कॉम्प्युटरची नवी सिस्टीम बाजारात आणून सहा महिने झाले आणि लोक तिच्या नावाने खडे फोडतायत. बटणं सापडत नाहीत, उघडलेलं बंद होत नाही, प्रिंटर रुसून बसतो. जो येतो तो विचारतो, जुनी नाही का मिळणार? शेवटी कंपनीने नमतं घेतलं. आता कॉम्प्युटर घेताना गिऱ्हाइकाने सांगायचं, जुनी हवी की नवी, आणि दुकानदाराने ती घालून द्यायची. मशीन येतं ते नवीच घेऊन. सप्टेंबरपर्यंत ही मुभा आहे.

बाकीचे दुकानदार कंपनीचं हे पत्र कपाटात टाकतील. मी पाटी लावणार आहे.

पक्कडला विचारलं, एका मशीनला किती वेळ लागेल. पक्कड हा आमचा दुरुस्तीवाला, बारा वर्षं माझ्याकडे आहे. एखादी गोष्ट धरली की सोडत नाही म्हणून सगळं दुकान त्याला पक्कड म्हणतं आणि त्यालाही ते नाव आवडतं. म्हणाला, "नवी पुसायची, जुनी घालायची, मग आवाज, पडदा, प्रिंटर सगळ्यांची एकेक करून जोडणी. अर्धा दिवस धरा, मालक."

मी काही धरलं नाही. पाटी रंगवायला टाकली.

११ फेब्रुवारी

निवडीचं काउंटर सुरू झालं. फीत नानांच्या हस्ते कापली.

नाना म्हणजे माझे वडील. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर मोजणीदार होते आणि निवृत्तीनंतरही मोजायचं काही सुटलं नाही, घरात पलंग सरकवला तरी टेप काढतात. सध्या पाणीखात्यासाठी जमिनीखालच्या नळांचा नकाशा करतायत. कुठला नळ कुठून वळतो हे शहरात आता फक्त त्यांच्या अकरा वह्यांत आहे. त्यातले आकडे ते नकाशाच्या एका जुनाट प्रोग्राममध्ये भरतात. तो प्रोग्राम बनवणारी कंपनी कधीच बुडाली. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर गेल्या महिन्यात मेला, म्हणून मीच म्हटलं, नाना, काउंटरवरचे पहिले गिऱ्हाईक तुम्ही.

माईक दिला तर सोडेनात. "मला जुनी हवी," म्हणाले. "माझा प्रोग्राम जुनीवरच नीट चालतो. बाकी ठिकाणी विचारतही नाहीत, नवी गळ्यात मारतात. माझा मुलगा विचारतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने दोघांना हात मिळवायला लावले. बाप-लेकाने हात मिळवताना कसंतरीच होतं, पण फोटो चांगला आला.

दिवसभरात नऊ जणांनी मशीन बुक केलं. नऊच्या नऊ जुनी मागतायत. पक्कड माझ्याकडे असा बघत होता की मी त्याचं घोडं मारलंय.

१२ फेब्रुवारी

पक्कडची मावशी आजारी, दोन दिवस रजेवर. नेमका आजच.

सकाळी नानांचं मशीन मांडून बसलो. अर्धा दिवस एका मशीनला, म्हणजे नऊ मशीनला आठवडा. आणि उद्या आणखी येणार. मग डोक्यात आलं. लोकांना जुनी हवी असते म्हणजे नेमकं काय हवं असतं? ती निळी पट्टी, डाव्या कोपऱ्यातलं ते बटण, सुरू होतानाचा तो आवाज. हे सगळं नव्या सिस्टीमवर चढवता येतं. चित्र जुनं, बटणं जुनी, आवाज जुना. सुरू होताना नाव येतं तेही बदलता येतं. आत नवीच. दहा मिनिटांचं काम.

पण कोणी ओळखलं तर? म्हटलं, आधी नानांवर बघू. त्यांच्यासारखी नजर शहरात दुसऱ्या कुणाची नाही, भिंत अर्धं बोट कलली तरी त्यांना जेवण जात नाही. त्यांनी ओळखलं नाही तर कोणीच ओळखणार नाही.

संध्याकाळी घरी नेऊन जोडून दिलं. नानांनी चष्मा पुसला, पट्टी बघितली, बटण दाबलं, प्रोग्राम उघडला. "अगदी तशीच आहे रे," म्हणाले. माझ्या पाठीवर हात ठेवला.

मला हसू आवरत नव्हतं. ही विचारत होती, एवढं काय झालं. हिला सांगितलं असतं तर हिने नाक मुरडलं असतं.

२० फेब्रुवारी

एकवीस मशीन गेली. सगळे खूश. एक शाळेतली बाई तर जुना आवाज ऐकून डोळे पुसायला लागली. म्हणाली, आता कसं घरी आल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, बाई, म्हणूनच तर निवड.

पक्कडला सांगावंच लागलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालक, त्यांनी जुनी मागितली होती."

म्हटलं, "आणि त्यांना ती मिळाली की. विचार कोणालाही."

"काही जुने प्रोग्राम नवीवर चालतात, पण वेड्यासारखे."

"शाळेतली बाई कुठले प्रोग्राम चालवणार आहे? पत्रं लिहिणार आणि फोटो बघणार. तू काम कर."

तो करतोय. प्रत्येक मशीनच्या कागदावर ‘जुनी घातली’ असं लिहून खाली दुरुस्तीवाल्याची सही लागते. ती मी त्याच्याकडूनच घेतो. मी मालक आहे, मी कशाला सही करू.

३ मार्च

सकाळी चहा घेताना नाना म्हणाले, "काल दवाखान्याच्या गल्लीचा नळ भरला. चार पूर्णांक पंच्याऐंशी मीटर लिहिलं होतं. आज उघडलं तर नुसते चार."

मी कप खाली ठेवला. पक्कडचं ‘वेड्यासारखे’ आठवलं. नंतर त्यांच्या खोलीत जाऊन बघितलं. आकडा घातला की पडद्यावर बरोबर दिसतो. बंद करून उघडला की टिंबाच्या पुढचं सगळं गायब. प्रोग्राम नव्या सिस्टीमवर टिंब खातोय.

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? फोटो दुकानाच्या दारात टांगलाय. माईकवरून बोलून झालंय. नानांना पोटात काही ठेवता येत नाही, ते सगळ्यांना सांगत सुटणार. मग चाळीस माणसं आपापली मशीन उचलून काउंटरवर.

म्हटलं, "नाना, तुम्हीच चार लिहिलं असेल. दिवसभर बसता, डोळे थकतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. "असेल," म्हणाले.

पक्कडला एखाद्या दिवशी गपचूप घरी आणून खरी जुनी घालून घेईन. सध्या त्याला डोकं वर काढायला वेळ नाही.

९ मार्च

वेळ झाला नाही.

नानांना रोज सकाळी काहीतरी चुकलेलं सापडतं. आता ते मोठ्याने आकडे म्हणत लिहितात. खोलीबाहेर ऐकू येतं, "तीन पूर्णांक साठ. तीन पूर्णांक साठ." पहाटे उठून बघतात तर तीन. मग पुन्हा साठ घालतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. एकेका गल्लीत दहा दहा वळणं असतात, त्यामुळे गल्ली संपेपर्यंत नळ चांगला पाच-सहा मीटर सरकतो. हे त्यांना पडद्यावर दिसत नाही, कारण ते आकडे बघतात, रेघा नाही. पाणीखात्याला दर शनिवारी नकाशा जातो, शुक्रवारी रात्री नानांनी दुरुस्त करून बंद केलेला, म्हणजे पुन्हा टिंब खाल्लेला.

आज जेवताना हिला म्हणाले, "सूनबाई, मला विसरायला होतंय का गं?"

ही म्हणाली, "नाही हो नाना, कालच तुम्ही मला माझ्या भावाचा फोन नंबर तोंडपाठ सांगितलात."

मी म्हटलं, "नंबर जुना आहे. जुनं लक्षात राहतं. नवं राहत नाही. असंच सुरू होतं ते."

त्यांनी ताट अर्धं ठेवलं. बोलायला नको होतं असं क्षणभर वाटलं. पण माणसाने स्वतःच्या वयाशी प्रामाणिक असावं.

१७ मार्च

मोजणीदाराची खोड जात नाही. नानांनी नवी पद्धत काढली. संध्याकाळी आकडे भरून झाले की हिला बोलावतात, पडद्यावरचे आकडे हिच्याकडून एका चिठ्ठीवर उतरवून घेतात आणि खाली हिची सही. सकाळी चिठ्ठी आणि पडदा शेजारी शेजारी. अर्थात जुळत नाहीत.

ही दुकानात आली, माझ्या खुर्चीसमोर चार चिठ्ठ्या ठेवल्या. "अहो, मी माझ्या हाताने लिहिलंय. नाना चुकत नाहीयेत. मशीन चुकतंय."

मी विचारलं, "तुला मशीनमधलं काय कळतं?"

"काही नाही. मला आकडे वाचता येतात."

गिऱ्हाईक समोर होतं म्हणून हसून घेतलं. चिठ्ठ्या खिशात टाकल्या. संध्याकाळी नानांनी मागितल्या तर म्हटलं, "कसल्या चिठ्ठ्या?" ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नानांनी हिच्याकडे बघितलं. मीही बघितलं. ही वळून आत गेली. वीस वर्षांच्या संसारात एवढं तरी समजतं हिला, की घर कशावर चालतं.

नाना बराच वेळ टेबलाचे खण उघडून बघत होते.

१८ मार्च

चिठ्ठ्या बंद झाल्या. ही माझ्याशी बोलत नाही. बरं आहे, शांतता आहे.

२ एप्रिल

वाईट झालं.

दवाखान्याच्या गल्लीत नळ गळत होता म्हणून पाणीखात्याने खणलं. नकाशात जिथे काही नाही असं दाखवलं होतं तिथे यंत्राचा फावडा घातला आणि मोठा नळ फुटला. पाण्याने खड्ड्याची एक बाजू आत ढासळली. खाली एक मजूर होता, कमरेपर्यंत गाडला गेला. काढला त्याला, पण पाय दोन ठिकाणी मोडलाय.

नाना आपणहून इस्पितळात गेले. दोन तास त्याच्या उशाशी बसले होते म्हणे. परत आल्यावर कपडे न बदलता भिंतीकडे तोंड करून पडले. मी जाऊन म्हटलं, "नाना, पाय आहे, जुळेल."

मला काय वाटतं ते खरं लिहायचं तर आज दोनदा हात धुतले आणि तरी जेववेना. पण मी काही तो फावडा चालवत नव्हतो. आणि खात्याने खणायच्या आधी खात्री करून घ्यायला नको? एका म्हाताऱ्याच्या भरवशावर अख्खं शहर खणतात.

५ एप्रिल

पाणीखात्याच्या इंजिनिअर बाई घरी आल्या. पंचवीस वर्षांपूर्वी नानांच्या हाताखाली मोजणीची साखळी ओढत शिकल्या आहेत, अजून त्यांना सर म्हणतात.

"सर, मी तुमची वही आणि नकाशा शेजारी ठेवून बघितलं. वही अगदी बरोबर आहे. वहीप्रमाणे खणलं तर नळ बोटाखाली सापडतो. नकाशा चुकलाय."

नाना म्हणाले, "नकाशाही मीच काढला."

"म्हणून तर विचारते. वहीतून मशीनमध्ये जाताना काय होतंय?"

मीच मध्ये बोललो. "बाई, स्पष्ट सांगतो, आमच्यासाठी हे बोलणं सोपं नाही. नाना हल्ली विसरतात. संध्याकाळी एक लिहितात, सकाळी त्यांना वेगळं आठवतं. घरात चिठ्ठ्या होत्या असं म्हणतात, चिठ्ठ्या नव्हत्या."

बाई नानांकडे बघत होत्या. नाना जमिनीकडे.

शेवटी बाई म्हणाल्या, "मजूर जखमी झालाय म्हणजे मला वर कागद द्यावा लागेल. सर, तुम्ही डॉक्टरांकडून तपासून घ्या. स्मरण शाबूत आहे असं त्यांनी लिहिलं तर मी मशीन ताब्यात घेऊन तपासायला पाठवते. नाही लिहिलं तर काम तुमच्याकडून काढून घ्यावं लागेल आणि प्रकरण तिथेच संपेल." जाताना त्यांनी नानांना वाकून काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही.

मशीन ताब्यात. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत सगळं बाहेर. आता डॉक्टरवर सगळं आहे.

६ एप्रिल

आता खरी जुनी घालून टाकावी, असं सकाळी मनात आलं. म्हणजे मशीन गेलं तरी काही सापडायचं नाही. पण बाईंनी जाताना मशीनच्या सीडीच्या खणावर कागद चिकटवून सही केली आहे. मोजणीदाराची चेली, दुसरं काय.

८ एप्रिल

दुकानातून दुपारी जेवायला घरी आलो तर नानांच्या खोलीत पक्कड बसलेला. त्याला नानांनीच फोन करून बोलावलं होतं. चिकटवलेल्या कागदाला हात न लावता मशीन नुसतं सुरू करून बघितलं म्हणे. त्याला तेवढं पुरतं.

"मालक," तो उठून म्हणाला, "नानांना सांगितलं मी. मला माहीत नव्हतं यांच्यातही तसंच केलंय. यांच्यात तरी नाही, असं वाटलं होतं."

ही दारात होती. नाना खुर्चीत बसले होते, हात गुडघ्यांवर. मला वाटलं आता ओरडतील. लहानपणी ओरडायचे तेव्हा शेजारच्या घरातली भांडी वाजायची. ओरडले नाहीत. अगदी हळू विचारलं.

"हा काय म्हणतोय ते मी ऐकलं. आता तू सांग. तू सांगशील ते मी धरून चालेन. याच्यात जुनी आहे ना?"

खरं सांगतो, तोंडापर्यंत आलं होतं. पण समोर पक्कड, मागे ही. बापाने एकांतात विचारलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आणि एकदा नाही म्हटलं की बाकीचे पन्नास जण काय विचारणार नाहीत?

"जुनीच आहे, नाना," मी म्हटलं. "तुम्हीच निवडलीत, सगळ्यांसमोर. याला तुम्ही उगाच बोलावलंत. त्याला मी कामावरून काढणार आहे हे कळलंय, म्हणून तो असं बोलतोय."

असलं काही ठरलं नव्हतं. पण बोलल्यावर ठरलं.

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

एवढंच. म्हणजे पटलं त्यांना. शेवटी रक्त ते रक्त.

पक्कडला अंगणात गाठून समजावलं. खात्याकडे जायचं तर खुशाल जा, पण त्रेपन्न कागदांवर ‘जुनी घातली’ असं कोणाच्या हातचं लिहिलंय ते आठव. मी तर सिस्टीमला हात लावत नाही, मी मालक आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने धरलेलं सोडलं.

परत आत आलो तेव्हा नाना खिडकीशी उभे होते. खिडकी अंगणाकडेच उघडते. ऐकू गेलं असेल का? गेलं तरी त्यांना त्यातलं काय कळणार.

९ एप्रिल

नानांना डॉक्टरांकडे चला म्हटलं. वाटलं होतं नाकी नऊ आणतील. उलट लगेच तयार झाले. "उद्याच जाऊ," म्हणाले. जाण्याआधी इंजिनिअर बाईंना बोलावून अकराच्या अकरा वह्या त्यांच्या स्वाधीन केल्या. "नकाशा वहीवरून काढ, पोरी. मशीनमधलं एक अक्षर घेऊ नकोस. माझं नाव कुठे घालायचं नाही."

बाई म्हणाल्या, "सर, आधी डॉक्टर काय लिहितात ते तर बघू."

"ते मी बघतो," नाना म्हणाले.

गडी हरला हे त्यांनी मान्य केलं, असं दिसतं. वह्या म्हणजे त्यांचा जीव. मला थोडं भरून आलं. त्या मजुरासाठी पैशांचं एक पाकीट पाठवायचंय असंही हिला सांगत होते.

१० एप्रिल

आज जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण पुढे कधी प्रश्न निघाला तर तारीखवार असलेलं बरं.

डॉक्टर पन्नाशीचे, शांत. मला एका बाजूला खुर्ची दिली, नानांना समोर. आज तारीख काय? बरोबर. वार? बरोबर. कितवा मजला? "तिसरा, पण तुम्ही पहिल्याला तळमजला धरत असाल तर दुसरा." शंभरातून सात सात वजा करा. नाना असे खाली आले जणू जिना उतरतायत, डॉक्टरांनाच थांबवावं लागलं. पाच शब्द सांगितले, दहा मिनिटांनी विचारले, पाचही आले, त्याच क्रमाने. घड्याळ काढायला सांगितलं तर नानांनी पट्टी मागितली. डॉक्टर हसले.

एकही चुकेना. रोज चुकतात, आणि नेमके आज नाही. डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं तेव्हा मला वाटलं, संपलं, उद्या मशीन उचलणार.

म्हणून मीच म्हटलं, "डॉक्टर, घरातलं विचारा. घरातलं त्यांना आठवत नाही."

डॉक्टरांनी हिचं नाव विचारलं, सांगितलं. माझ्या आईची पुण्यतिथी विचारली, सांगितली. मग डॉक्टरांनी सहज माझ्याकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

नानांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. घाईत नाही. जमीन बघायचे तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"दुकानदार आहेत," म्हणाले.

"तुमचे कोण?"

"माझे कोणी नाहीत. मी यांच्याकडून एकदा एक कॉम्प्युटर घेतला होता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "नाना, बाकी सगळं तुम्ही तरण्या माणसाला लाजवेल असं सांगितलंत. हे एक उत्तर मी लिहिलं तर तुमचं काम जाईल. उद्या तुम्ही काही सांगितलंत तर कोणी धरून चालणार नाही. पुन्हा एकदा बघा. हे तुमचे कोण?"

"विचार करूनच सांगतोय," नाना म्हणाले. "कोणी नाहीत. लिहा."

डॉक्टर काही लिहीनात. मला विचारतात, "तुमच्या दोघांत काही झालंय का?"

आता काय बोलायचं. म्हटलं, "डॉक्टर, जन्मदात्या बापाने पोटच्या मुलाला ओळखलं नाही. आणखी काय व्हायला हवं? कृपा करून जे झालं ते लिहा." दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी लिहिलं, माझ्याकडे न बघता. कागद माझ्या हातात न देता टेबलावर सरकवला. हल्ली डॉक्टरांना बोलायची रीत राहिलेली नाही.

जीव भांड्यात पडला हे खरं. पण जिना उतरताना मी नानांच्या दोन पायऱ्या मागे राहिलो. इतकं पुढे गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी आपलं तसं म्हणत होतो, पण खरंच रोग निघाला. म्हणजे मार्चपासून मी म्हणतोय ते काही अगदीच खोटं नव्हतं.

भाड्याच्या गाडीत त्यांना पुढे बसा म्हटलं तर मागे बसले. दवाखान्याची गल्ली खणलेली आहे, डावीकडून घ्या, असं ड्रायव्हरला आपणहून सांगितलं. तिसऱ्या चौकात सिग्नल बंद आहे हेही सांगितलं. असा हा रोग, रस्ते राहतात आणि माणूस जातो. सगळ्यात जवळचं माणूस आधी विसरतात, असं मी कुठेतरी वाचलं आहे.

१२ एप्रिल

कागद पाणीखात्यात दिला. प्रकरण बंद. मशीनवरचा सहीचा कागद काढून नेला. आता सवडीने पुसून टाकीन. काउंटर चालू आहे, आज चार गेली. नवा दुरुस्तीवाला ठेवलाय, प्रश्न विचारत नाही.

डॉक्टरांनी निघताना मला कडक आवाजात एकच सांगितलं होतं, रोज त्यांच्याशी बोला. म्हणून संध्याकाळी दुकान लवकर बंद करून घरी आलो. नाना आणि ही टेबलाशी बसले होते, हिच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं यावर बोलणं चाललं होतं. हिचा डावा गुडघा दुखतो हेही त्यांच्या लक्षात आहे. मी खुर्ची ओढून बसलो. "नाना, ओळखलंत का?" असं विचारलं, हसतच विचारलं.

त्यांनी मान हलवून नमस्कार केला, दारात कोणी पाहुणा आला की करतात तसा. मग हिच्याकडे वळले. "सूनबाई, या गृहस्थांना चहा विचारलास का? दमून आलेले दिसतात."

ही रडायला लागली. तोंडाला पदर लावून जी लागली ती थांबेना. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिला समजावलं, की हा रोग आहे, मनाला लावून घ्यायचं नसतं.